नवतप्यात दिसलेला यील्ड स्ट्रेस: पीईओ, नॅनोट्यूब आणि लॅबमधला कूलर

ही केस आमच्या नागपूरच्या लॅबमधली आहे, एप्रिलला सुरू झाली आणि पावसाळा संपता संपता कुठे सुटली. पूर्ण लिहून काढतोय कारण पॉलिमरच्या सोल्युशनमधे कार्बन नॅनोट्यूब मिसळून रिओमीटरवर, म्हणजे द्रव कसा वाहतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, बसणारा जवळपास प्रत्येक जण पुढे येणाऱ्या दोन खड्ड्यांपैकी एकात तरी पडतो, आणि थिसिस छापून झाल्यावर कळलं तर फार वाईट वाटतं.

एमटेकची एक विद्यार्थिनी, प्रोजेक्ट इलेक्ट्रोस्पिनिंगचा. पाण्यात पॉलिइथिलीन ऑक्साइड म्हणजे पीईओ विरघळवायचं, त्यात मल्टिवॉल नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या एकात एक बसलेल्या अतिबारीक नळ्या, टाकायच्या, सिरिंजच्या सुईतून हाय व्होल्टेजवर ओढून बारीक फायबर काढायचे, करंट नेणारे फायबर हवे होते. पीईओचं मॉलिक्युलर वेट १० लाख, म्हणजे साखळ्या फार लांब, प्रमाण ३ टक्के. ट्यूब पाण्यात सरळ विरघळत नाहीत, एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की पावडर म्हणजे काथ्याचा गुंताच, म्हणून सोबत एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट हा साबणासारखा पदार्थ, १ टक्का. आणि गुंता सोडवायला प्रोब सोनिकेटर, म्हणजे द्रवात बुडवायची अल्ट्रासाउंडची दांडी.

पहिली तक्रार फायबरचीच होती. साध्या पीईओचे फायबर नीट यायचे, ट्यूब टाकलेल्या सोल्युशनचे मणी यायचे, मायक्रोस्कोपखाली मण्यांची माळ. मग ती रिओमीटरवर गेली आणि दोन दिवसांनी ग्राफ घेऊन आली.

"सर, ट्यूब टाकली की सोल्युशन पातळ होऊन राहिलं."

साध्या ३ टक्के पीईओची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहायला होणारा विरोध, कमी शिअर रेटला, म्हणजे हळू घासून वाहवताना, २.४ पास्कल-सेकंद, आणि ०.१ टक्का ट्यूब टाकलेल्याची फक्त ०.३. आठ पट पातळ. तिच्याकडे कारणही तयार होतं, ट्यूबच्या गुळगुळीत भिंतीवरून पॉलिमरच्या साखळ्या घसरतात वगैरे, तसं सुचवणारे पेपर वाचलेले होते, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही ते पटण्यासारखं वाटलं कारण मेल्टमधे, म्हणजे वितळलेल्या पॉलिमरमधे, नॅनोकणांनी व्हिस्कॉसिटी खाली आल्याची उदाहरणं आहेतच. पण आठ पट म्हणजे फार झालं. थोडा हिशोब करू. ट्यूबची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे वजनाने ०.१ टक्का म्हणजे आकारमानाने ०.०५ टक्का. आइन्स्टाइनचं १९०६ चं सूत्र, जे त्याने १९११ मधे दुरुस्त केलं, ते गोल कणांसाठी सांगतं की व्हिस्कॉसिटी कणांच्या आकारमानाच्या अडीच पट वाढते, म्हणजे इथे ०.१२५ टक्का, रिओमीटरला दिसणारच नाही इतकी. ट्यूब गोल नाही, लांब काठी आहे, त्यामुळे परिणाम खूप जास्त होऊ शकतो, पण तो वाढण्याच्या दिशेने. इतक्या कमी ट्यूबने अख्खं सोल्युशन आठ पट पातळ व्हायला काहीतरी वेगळंच घडलेलं असायला हवं.

मी विचारलं, "अगं, तुझा ब्लँक कोणता, तुलनेसाठीचा बिनट्यूबचा नमुना?"

"साधं तीन टक्के पीईओ, सर."

"सोनिकेट केलेलं?"

"नाही ना. त्यात ट्यूबच नाही तर सोनिकेट कशाला करायचं?"

इथेच सगळं होतं. ट्यूबवाला नमुना तीस मिनिटं प्रोबखाली उभा राहून आला होता, पीईओसकट, आणि ब्लँक रात्रभर मॅग्नेटिक स्टररवर आरामात फिरून आला होता. दोघांची तुलना करून जो फरक दिसतो त्यातला किती ट्यूबचा आणि किती प्रोबचा हे कोण सांगणार.

प्रोबखाली काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण जी गोष्ट ट्यूबचा गुंता सोडवते तीच पॉलिमर तोडते. अल्ट्रासाउंडने पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, फुटताना आजूबाजूचं पाणी प्रचंड वेगाने आत धावतं, त्या ओढीत लांब साखळी ताणली जाते आणि बहुतेक वेळा मधोमध तुटते. जितकी साखळी लांब तितकी आधी तुटणार. एका मर्यादेखाली गेली की मग तुटत नाही, ओढ पुरत नाही. १० लाख मॉलिक्युलर वेटची पीईओ या बाबतीत फार नाजूक, ती नुसत्या जोरात फिरणाऱ्या मिक्सरमधेही तुटते, म्हणून ती विरघळवताना सुरुवातीला भोवऱ्यात हळूहळू पावडर सोडायची आणि ओली झाली की लगेच स्पीड कमी करायचा असं शिकवतात. गुंतलेल्या साखळ्यांच्या सोल्युशनमधे व्हिस्कॉसिटी मॉलिक्युलर वेटच्या ३.४ व्या घाताने बदलते. साखळ्या सरासरी अर्ध्या झाल्या की व्हिस्कॉसिटी दहाव्या हिश्श्यापर्यंत येते. आमची ३ टक्के पीईओ गुंतलेली आहे का? या मॉलिक्युलर वेटला साखळ्या एकमेकींना भिडायला लागतात ते प्रमाण साधारण ०.१७ टक्के येतं, म्हणजे आम्ही त्याच्या सतरा-अठरा पट वर, गुंता पुरेसा आहे.

मग दोन नवे ब्लँक बनवले. पहिला, पीईओ अधिक एसडीएस, ट्यूब नाही, पण प्रोबखाली तेवढीच तीस मिनिटं, तेवढीच पॉवर, तोच बर्फाचा टब, तेवढंच व्हॉल्यूम. दुसरा, पीईओ अधिक एसडीएस, सोनिकेशन नाही. पहिल्याचं रीडिंग आलं ०.२७. दुसऱ्याचं ३.४.

०.२७ बघून ती बराच वेळ काही बोलली नाही. म्हणजे ट्यूबने व्हिस्कॉसिटी आठ पट खाली आणली नव्हती, ०.२७ वरून ०.३ वर, दहा-अकरा टक्के वर नेली होती. निष्कर्षाची दिशाच उलटली.

आणि ३.४ हा आकडा दुसरी गोष्ट सांगत होता जी माझ्याकडूनही सुटली होती. एसडीएस हा बाजूला उभा राहणारा मदतनीस नाही. पीईओच्या साखळीवर त्याचे छोटे गोळे मणी ओवल्यासारखे चिकटतात, प्रत्येकावर निगेटिव्ह चार्ज, ते एकमेकांना लांब ढकलतात आणि साखळी फुगते, व्हिस्कॉसिटी वाढते. नुसत्या पाण्यात एसडीएसचे मायसेल, म्हणजे असेच सुटे गोळे, ८.२ मिलिमोलरला बनायला लागतात, पीईओ असेल तर त्याच्या बरंच आधी साखळीवर चिकटणं सुरू होतं, आणि आमचं १ टक्का म्हणजे जवळपास ३५ मिलिमोलर, भरपूर. तर तिच्या पहिल्या ग्राफमधे एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या, एसडीएसने वर ओढलं, प्रोबने खूप खाली पाडलं, ट्यूबने जरा वर उचललं, आणि लेबलवर नाव फक्त ट्यूबचं. खरी तुलना ३.४ विरुद्ध ०.२७, बारा-तेरा पट, म्हणजे ३.४ च्या घाताने उलटं मोजलं तर सरासरी साखळी अर्ध्याच्याही थोडी खाली.

हे नुसतं गणित म्हणून सोडायचं नव्हतं. जीपीसी, म्हणजे साखळ्यांची लांबी मोजणारं यंत्र, आमच्याकडे नाही. पण कपाटात काचेचा उबेलोडे व्हिस्कोमीटर होता, वॉटर बाथ होता, स्टॉपवॉच होतं. तिने एसडीएस न टाकलेली पीईओ दोन प्रकारे घेतली, सोनिकेट केलेली आणि न केलेली, दोन्ही खूप पातळ करून चार-चार प्रमाणांवर नळीतून वाहायला लागणारी वेळ मोजली आणि इंट्रिन्सिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे सुटी साखळी पाणी किती घट्ट करते त्याचं माप, काढली. ती चाळीस टक्क्यांहून जास्त घसरलेली निघाली. पाण्यातल्या पीईओसाठी ती मॉलिक्युलर वेटच्या ०.७८ घाताने बदलते, त्यामुळे साखळी अर्धी झाली तर तेवढीच घसरण अपेक्षित आहे. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं. मला या केसमधलं सगळ्यात समाधान देणारं काम हेच वाटतं, काचेची नळी आणि स्टॉपवॉच. मण्यांचं कोडंही इथेच सुटलं, साखळ्या तोकड्या झाल्या की सुईतून निघालेली धार ताणाखाली टिकत नाही, तुटून थेंबाथेंबांत जाते.

पद्धत बदलली. ट्यूब आणि एसडीएस फक्त पाण्यात, पीईओशिवाय, बर्फात प्रोबखाली, मधे मधे थांबत. मग सेंट्रिफ्यूज करून न सुटलेल्या गुठळ्या काढायच्या, आणि काढलेला गाळ वाळवून वजन करून खरं प्रमाण दुरुस्त करायचं. पीईओ वेगळी, दुप्पट घट्ट म्हणजे ६ टक्के, रात्रभर हळू. मग दोन्ही समान वजनाने एका बाटलीत आणि बाटली रोलरवर आडवी, चोवीस तास, कधी छत्तीस. प्रोब पीईओला शिवणारच नाही. ब्लँकलाही तसंच, फक्त ट्यूबच्या जागी एसडीएसचं पाणी.

एक सुरक्षेची गोष्ट, ती विषयाबाहेरची नाही. कोरडी ट्यूब पावडर कमालीची हलकी, चमचा उचलला की उडते. आयएआरसीने, म्हणजे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१४ मधे एमडब्ल्यूसीएनटी-७ नावाच्या एका प्रकारच्या मल्टिवॉल ट्यूबला २बी गटात टाकलंय, म्हणजे माणसात कॅन्सर करू शकण्याची शक्यता असलेली. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात लॅबमधे कूलर फेकतो तो वारा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. वजन फक्त फ्यूम हूडमधे, मास्क लावून, कूलर बंद करून. तिला हे मी पहिल्या दिवसापासून पाळायला लावलं होतं, बाकी चुका झाल्या पण यात नाही.

मे उजाडला. नव्या पद्धतीने ०.१, ०.२ आणि ०.५ टक्के ट्यूबचे नमुने तयार झाले, सोबत बिनट्यूबचा ब्लँक. आता व्हिस्कॉसिटी ट्यूबच्या प्रमाणाबरोबर वर जात होती, फायबरही सुधारले. आणि ०.५ टक्क्याला काहीतरी नवीन दिसलं. शिअर रेट कमी करत नेला की व्हिस्कॉसिटी एका पठारावर थांबायला हवी, ती थांबेना, वर वर चढत गेली, स्ट्रेस एका ठरावीक आकड्याच्या खाली जाईना. हर्शेल-बल्कली मॉडेल, म्हणजे यील्ड स्ट्रेस धरून प्रवाह मांडणारं सूत्र, बसवलं, आर-स्क्वेअर, म्हणजे रेषा आकड्यांवर किती नीट बसली त्याचं माप, ०.९९, यील्ड स्ट्रेस मिळाला. अर्थ असा की ट्यूबचं जाळं तयार झालं, ठरावीक जोर लावल्याशिवाय माल वाहतच नाही.

हे खोटं वाटण्याचं काही कारण नव्हतं, उलट अपेक्षितच होतं. ट्यूब म्हणजे १५ नॅनोमीटर जाड आणि सोनिकेशननंतर साधारण १ मायक्रॉन लांब, लांबी-जाडीचं प्रमाण ६५ च्या आसपास. अशा काठ्या एकमेकींच्या फिरण्याच्या जागेत यायला आकारमानाने ०.०२ टक्क्याच्या आत पुरे होतं, आमचं ०.५ टक्के वजनाने म्हणजे आकारमानाने ०.२५ टक्के, दहा पटीहून जास्त. शिवाय जाडसर सोल्युशनमधे ट्यूबला आपोआप वळायला फार वेळ लागतो. ढोबळ हिशोबात पाण्यात ही काठी सेकंदाला दहा-बारा वेळा दिशा विसरते, अडीच पास्कल-सेकंदच्या सोल्युशनमधे तेच काम व्हायला मिनिटं लागतात. म्हणून अगदी १ प्रति सेकंद शिअरलाही ट्यूब प्रवाहाच्या दिशेने झोपतात आणि थांबल्यावर लवकर उठत नाहीत. जाळं आहे, ते मोडतं, हळू जुळतं, हे सगळं बरोबर. म्हणून मीही मान डोलावली, आणि इथे माझी घाई झाली.

मग नवतपा लागला. पंचवीस मेनंतरचे ते नऊ दिवस, बाहेर ४५ डिग्री. एके दिवशी सकाळी लाइट गेली ती साडेअकरापर्यंत आली नाही, आणि तिचं सकाळचं काम दुपारी ढकललं गेलं. सकाळचं काम म्हणजे ब्लँक. ती रोज ब्लँकपासून सुरुवात करायची, मग ०.१, मग ०.२, आणि ०.५ शेवटी, चढत्या क्रमाने, कारण भांडी धुवायला आणि प्लेट साफ करायला तसंच सोपं. त्या दिवशी ब्लँक दुपारी एकला लागला.

"सर, येऊन पाहा ना. ब्लँकलाच यील्ड स्ट्रेस येऊन राहिला."

ट्यूब नाही, जाळं नाही, नुसती पीईओ आणि एसडीएस, आणि तोच चढ. ३ टक्के पीईओला यील्ड स्ट्रेस असूच शकत नाही, साखळ्या गुंतलेल्या असतात पण सुटायला मोकळ्या असतात, पुरेसा वेळ दिला की वाहतात.

रिओमीटरवर ४० मिलिमीटरचा, १ डिग्री उताराचा कोन, म्हणजे चपट्या शंकूसारखी फिरणारी चकती, होती. त्याखाली माल मावतो जेमतेम ०.३ मिली, आणि कडेला हवेशी भिडणारी फट ०.३५ मिलिमीटर उंच. एक स्वीप, म्हणजे शिअर रेट बदलत घेतलेली मोजणी, चाळीस मिनिटांचा, १०० प्रति सेकंदपासून ०.०१ पर्यंत खाली, कारण कमी रेटला प्रत्येक पॉइंटला मिनिटं द्यावी लागतात. म्हणजे कमी रेटचे पॉइंट, ज्यांच्यावर यील्ड स्ट्रेसची सगळी मदार, ते चाळीस मिनिटांच्या शेवटी येतात. तोवर कडेला काय झालं असेल? कोन उचलताना आम्ही टॉर्चने पाहिलं, कडेला पातळ पापुद्रा, तापवलेलं दूध ठेवून दिलं की साय धरते तशी. एकूण पाणी फार उडालं नसेलही, पण कडेचा माल घट्ट झाला, आणि कड म्हणजे केंद्रापासून सगळ्यात लांब, तिथला थोडा विरोधही टॉर्कमधे, म्हणजे फिरवायला लागणाऱ्या जोरात, सगळ्यात जास्त मोजला जातो. जास्त रेटला मालाचाच टॉर्क मोठा असल्याने ही साय लपून जाते, कमी रेटला मालाचा टॉर्क क्षीण होतो आणि सायीचा उरतो, तो रेटबरोबर फार कमी होत नाही. ग्राफवर ते हुबेहूब यील्ड स्ट्रेस दिसतं.

पण मग सकाळी का नाही? हे लॅबमधल्या काकांनी सोडवलं. आम्ही दोघं हवा, टेंपरेचर यावर बोलत होतो, पेल्टिअर, म्हणजे प्लेटचं टेंपरेचर राखणारा विजेचा भाग, तर प्लेट बरोबर २५ डिग्रीला धरून होता, मग बाहेरच्या उन्हाचा काय संबंध असं चाललं होतं, आणि काका पलीकडून म्हणाले, "दुपारी कूलरमंधी पानी नसते नं सर. सकाळी भरतो मी, बारा-साडेबाराले टाकी खाली होते, मग दोन वाजता जेवून आल्यावर भरतो. मधात नुसती गरम हवा फेकते थो."

मी कागद ओढला. २५ डिग्रीच्या पाण्याचा बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल. पाणी किती जोराने उडणार ते हा आकडा आणि खोलीतल्या हवेतल्या बाष्पाचा दाब यातल्या फरकावर. दुपारी कूलर कोरडा, खोली ३८ डिग्री, आर्द्रता २० टक्के धरली तर हवेतलं बाष्प १.३ किलोपास्कल, फरक १.८ च्या वर. सकाळी कूलर भरलेला, वुडवूल ओलं, खोली ३२ डिग्री आणि आर्द्रता ६० टक्के धरली तर बाष्प २.८५, फरक जेमतेम ०.३. सहा पट. प्लेटचं टेंपरेचर तेच, नमुना तोच, आणि कडेचं पाणी सहा पट जोराने उडतंय. आणि तिचा ०.५ टक्क्याचा नमुना रोज, न चुकता, दुपारी साडेबारा ते दोनच्या मधेच लागायचा. ट्यूबचं प्रमाण आणि दिवसाची वेळ हातात हात घालून वाढत होती. म्हणूनच आर-स्क्वेअर इतका देखणा होता, तो ट्यूबचा पुरावा नव्हता, वक्तशीरपणाचा होता.

पुढच्या दोन आठवड्यांत तीन गोष्टी केल्या. कडेला पातळ सिलिकॉन ऑइलची रिंग द्यायला लागलो, आणि वर ओल्या स्पंजचं झाकण. स्वीप दोन्ही दिशांनी घ्यायला लागलो, खालून वर आणि वरून खाली, म्हणजे कमी रेट एकदा ताज्या नमुन्यावर मोजला जाईल. आणि नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. तेल लावल्यावर ब्लँकचा चढ पूर्ण गेला, सपाट पठार. ०.१ आणि ०.२ चाही गेला. ०.५ चा कमी झाला, पण गेला नाही, आधीच्या साधारण पाव हिस्सा उरला.

तो उरलेला पाव हिस्सा महत्त्वाचा आहे. खोटं पकडल्याच्या भरात सगळंच खोटं म्हणून टाकलं असतं तर तीही तितकीच मोठी चूक झाली असती. तो खरा आहे का हे तपासायला वेगळे साक्षीदार हवे होते.

एक साक्षीदार म्हणजे गॅप, दोन प्लेटमधलं अंतर. ट्यूबच्या गुठळ्या कोनच्या टोकाजवळच्या पंचवीस-तीस मायक्रॉनच्या फटीत अडकू शकतात, म्हणून कोन काढून पॅरलल प्लेट लावली, आणि गॅप ०.५ आणि १ मिलिमीटर असा बदलून पाहिला. आकडे गॅपबरोबर बदलले असते तर प्लेटजवळ माल घसरतोय असा अर्थ झाला असता. फारसे बदलले नाहीत.

दुसरा, आणि मला सगळ्यात पटलेला, म्हणजे कॉक्स-मर्झ. १९५८ चा हा नियम सांगतो की साध्या पॉलिमर सोल्युशनमधे सतत शिअर देऊन मोजलेली व्हिस्कॉसिटी आणि हलकेच मागेपुढे हलवून मोजलेली कॉम्प्लेक्स व्हिस्कॉसिटी, सारख्याच रेट-फ्रिक्वेन्सीला सारखी येते. ब्लँकमधे दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. ०.५ टक्क्यात कमी फ्रिक्वेन्सीला हलवून मोजलेली रेषा स्पष्ट वर राहिली. कारण समजायला सोपं आहे, हलकेच हलवलं तर जाळं शाबूत राहतं, सतत फिरवलं तर मोडतं. कडेच्या सायीने असा फरक येऊ शकतो का? तेल लावलेलं होतं, आणि त्याच तेलाखाली ब्लँक नियम पाळत होता, त्यामुळे नाही. जी प्राइम, म्हणजे मालाचा स्प्रिंगसारखा ताठरपणा, तोही कमी फ्रिक्वेन्सीला ०.५ मधे सपाट व्हायला लागला, ब्लँकमधे तो सरळ खाली पडत होता. आणि प्री-शिअर देऊन, म्हणजे आधी जोरात फिरवून, नमुना पाच मिनिटं ठेवला तर एक आकडा, अर्धा तास ठेवला तर मोठा आकडा, जाळं हळूहळू जुळतंय.

जाळं म्हणजे ट्यूबला ट्यूब टेकलीच पाहिजे असं मात्र नाही, मधे पॉलिमरची साखळी दोन्हीकडे अडकली तरी प्रवाहाला विरोध होतो. करंटला ते चालत नाही, त्याला काही नॅनोमीटरच्या आत दुसरी ट्यूब हवी. म्हणून रिओमीटरला जाळं दिसलं की फायबर करंट नेणारच असं तिने लिहिलं होतं ते वाक्य काढायला लावलं.

जुलैत पाऊस लागून राहिला तेव्हा मुद्दाम एक दिवस तेल न लावता, झाकण न ठेवता, जुना कोन लावून, जुनाच वरून खाली जाणारा स्वीप घेतला, भर दुपारी एक वाजता. खोली ३० डिग्री, आर्द्रता ८० टक्के, म्हणजे हवेतलं बाष्प ३.४ किलोपास्कल, २५ डिग्रीच्या पाण्यापेक्षा जास्तच, पाणी उडायचा प्रश्नच नाही. ब्लँक सपाट. ०.५ ला तोच उरलेला पाव हिस्सा. मे महिन्यात तेल लावून मिळालेला आकडा आणि जुलैत उघड्यावर मिळालेला आकडा जवळजवळ एकच, त्या दिवशी ती खूप खूश होती, मीही.

सुईच्या आत यातलं किती लागू पडतं हाही प्रश्न तिने स्वतःहून काढला, मला ते आवडलं. तासाला १ मिली फ्लो, सुईचा आतला व्यास अर्धा मिलिमीटर, भिंतीजवळचा शिअर रेट साधारण २३ प्रति सेकंद. तिथे जाळं केव्हाच मोडलेलं, ट्यूब प्रवाहात झोपलेल्या, यील्ड स्ट्रेस असला नसला काही फरक पडत नाही. फायबरसाठी मोलाची होती ती साखळ्यांची लांबी, आणि ती एप्रिलमधेच वाचवून झाली होती.

एक गोष्ट अजून बसलेली नाही. ०.५ चे नमुने बाटलीत तीन-चार दिवस ठेवले की मायक्रोस्कोपखाली गुठळ्या दिसतात, आणि जी प्राइम रोज बदलतो. माझा अंदाज असा की एसडीएस पीईओवर जाऊन बसतो आणि ट्यूब उघड्या पडतात, शिवाय मोकळ्या साखळ्या आणि मायसेल ट्यूबना एकत्र ढकलतात, दोन्ही मिळून. एसडीएसऐवजी सीएमसी, म्हणजे कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज, घेऊन पाहायचं ठरलंय, तो ट्यूबभोवती गुंडाळून बसतो आणि सहज सुटत नाही, पण मग तोही एक पॉलिमरच, त्याचा ब्लँक वेगळा लागेल. थंडी पडायच्या आत उरकायला हवं, कारण इथे डिसेंबरात रात्री पारा दहाच्या आसपास आला की १ टक्क्याच्या एसडीएसच्या बाटलीत सकाळी पांढरे कण खाली बसलेले सापडतात, आणि ती बाटली कोमट करून पूर्ण विरघळवल्याशिवाय कुठलंही मिश्रण करता येत नाही. सध्या तिच्या वहीत प्रत्येक रीडिंगसमोर नमुन्याचं वय, वेळ, खोलीचं टेंपरेचर, आर्द्रता आणि कूलरच्या टाकीत पाणी आहे की नाही एवढे रकाने आहेत, शेवटचा रकाना काका भरतात.